वस्तीतली जुनी दफनभूमी : वॉशिंग्टनची काँग्रेशनल सिमेटरी

ओवी_डीसी

आमच्याकडे, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये कॅपिटल हिलच्या पूर्वेला, "सकाळी फिरायला कुठे जाता?" असं विचारलं तर "सिमेटरीत" हे उत्तर हमखास येतं. इथल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना मात्र ऐकून कसंसंच होतं. गणपतीच्या तयारीच्या बैठकीत यावरून बरंच बोलणं झालं. तिथे सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ही काँग्रेशनल सिमेटरी. अमेरिकेच्या संसदेपासून दीड-दोन मैलांवर, अनाकोस्टिया नदीच्या बाजूला, साधारण ३५ एकर. एका अंगाला घरांच्या रांगा, दुसऱ्या अंगाला शहराचा तुरुंग. १८०७ मध्ये काही नागरिकांनी मिळून ही जागा दफनासाठी घेतली आणि १८१२ मध्ये ती क्राइस्ट चर्चच्या हवाली केली. नावात काँग्रेस असली तरी ती सरकारी नाही. नाव पडलं ते खासदारांमुळे. तेव्हा राजधानी नवी होती आणि प्रवास घोडागाडीचा. अधिवेशनाच्या काळात कुणी वारला तर देह गावी नेणं अवघड, मग त्याला इथेच पुरत. पुढे दिवंगत खासदारांच्या नावाने सारख्याच घडणीच्या स्मारकशिळा उभ्या करायची पद्धत पडली. आराखडा बेंजामिन लॅट्रोबचा, ज्याने संसदभवनाचंही काम केलं. वालुकाश्माचे हे बसके, चौकोनी ठोकळे दीडशेहून जास्त आहेत आणि बहुतेकांच्या खाली कुणीच पुरलेलं नाही. १८७०च्या दशकात जॉर्ज होर नावाच्या खासदाराने सभागृहात तक्रार केली की असल्या दगडाखाली पडायचं या विचाराने मरणाची भीती आणखी वाढते. तिथून ती पद्धत बंद झाली. मला स्वतःला ते ठोकळे आवडतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या रांगा फार देखण्या दिसतात.

६५ हजारांहून जास्त माणसं इथे पुरली आहेत. एफबीआयचा जे. एडगर हूवर, यादवी युद्धाचे फोटो काढणारा मॅथ्यू ब्रेडी, बँडमास्टर जॉन फिलिप सूझा ही नावं बाहेरगावचे लोक शोधत येतात. मी पाहुण्यांना आधी नेते ते आर्सेनलच्या स्मारकाकडे. १७ जून १८६४ला वॉशिंग्टनच्या शस्त्रागारात स्फोट झाला. बाहेर वाळत घातलेल्या शोभेच्या दारूने उन्हाच्या तापाने पेट घेतला, ठिणग्या खिडकीतून आत उडाल्या. आत बायका ओळीने बसून काडतुसं भरत होत्या. त्या काळच्या घेरदार झग्यांनी क्षणात पेट घेतला. २१ जणी गेल्या, बहुतेक आयरिश कुटुंबांतल्या, काही तर अगदीच कोवळ्या वयाच्या. अंत्ययात्रेत अध्यक्ष लिंकन स्वतः होते. उंच खांबावर मान खाली घातलेली शोकमग्न स्त्री आहे आणि खाली त्यांची नावं कोरली आहेत. ती नावं एकेक करून वाचावीत, त्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं. ही जागा १९७०च्या दशकात जवळजवळ संपली होती. दफनभूमीचं उत्पन्न म्हणजे नव्या जागांची विक्री. शहरातली जुनी कुटुंबं उपनगरात गेली, तशी विक्री आटली आणि गवत कापायलाही पैसा उरला नाही. दगड आडवे पडले, दफनाच्या तळघरांची दारं फोडली गेली, गर्दुल्ल्यांचा वावर सुरू झाला. १९७६ मध्ये जतनासाठी संस्था स्थापन झाली आणि चर्चकडून तिने कारभार घेतला, पण पैसा नव्हताच. १९९७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या ११ ऐतिहासिक जागांत हिचं नाव घातलं.

त्या सगळ्या पडत्या काळात एकच गट रोज आत जात होता : आसपासचे कुत्रेवाले. मोकळी जागा, कुंपण आहे, गाड्या नाहीत. त्यांनीच आधी आपापसात वर्गणी काढून गवत कापून घ्यायला सुरुवात केली. त्यातून रीतसर सभासदत्व आलं. वर्षाची फी, प्रत्येक कुत्र्याची वेगळी फी, सोबत काही तास श्रमदान. सभासदाच्या कुत्र्याला आत मोकळं सोडायची मुभा. आज प्रतीक्षायादी मोठी आहे आणि संस्थेच्या उत्पन्नातला चांगला वाटा या फीमधून येतो. माणसांची रोजची ये-जा सुरू झाली आणि गर्दुल्ले आपोआप हटले, त्यासाठी वेगळे पहारेकरी नेमावे लागले नाहीत.

आता तिथे वर्षभर काही ना काही चालतं. १९०३च्या छोट्या चॅपलमध्ये योगासनांचे वर्ग आणि संगीताच्या मैफली होतात. एक वाचक गट आहे. ऑक्टोबरात ५ किलोमीटरची शर्यत असते आणि रात्री कंदील घेऊन फेऱ्या निघतात. मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत, त्यांचा मध विकतात. २०१३च्या उन्हाळ्यात कडेच्या झाडीत माजलेल्या विषारी वेली संपवायला शेळ्यांचा कळप आणला होता. सूझाच्या वाढदिवसाला, ६ नोव्हेंबरला, अमेरिकी मरीन दलाचा बँड त्याच्या समाधीपाशी येऊन वाजवतो. या सगळ्याबरोबर दफनंही चालू आहेत, कारण ही बंद पडलेली जागा नाही.

माझं म्हणणं असं की जुन्या दफनभूमीला फक्त वारशाची पाटी लावून भागत नाही. शेजारच्यांना आत यायला रोजचं, साधं कारण लागतं. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत जुनी दफनभूमी असेल तर तिथे कोण जातं, कोण राखतं, जरूर लिहा.

---

रानपाखरू

सुरेख लिहिलंयस ओवी. आर्सेनलच्या बायकांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

एक शंका. अलीकडेच कुणाला पुरलं असेल आणि घरचे भेटायला आले असतील, तेव्हा शेजारून कुत्रे धावत असतील तर त्यांना कसं वाटत असेल? का त्यांना आधी कल्पना देतात?

---

अप्पा_सातारकर

लेख माहितीपूर्ण आहे, कष्ट घेऊन लिहिलाय. पण मला हे पटलं नाही, ते स्पष्ट सांगतो.

मेलेल्या माणसाला विचारून कुणी तिथे कुत्रं सोडत नाही. त्याने जागा विकत घेतली ती शांतपणे पडून राहण्यासाठी. तिथे शर्यत, योगासनं, मध विक्री? पैसे कमी पडले म्हणून अशी तडजोड करायची झाली तर उद्या कुठे थांबायचं? आमच्या गावाबाहेर लिंगायत समाजाची जागा आहे. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, वर समाधी बांधतात. तिथे गुरं शिरू नयेत म्हणून गावाने गडगा घातला. त्या गडग्यात मला जास्त आदर दिसतो.

तुमच्या भावना मला कळतात. पण जागा जिवंत ठेवणं आणि जागेचा मान ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

ओवी_डीसी

रानपाखरू, अप्पा, दोघांच्या प्रश्नांचं एकत्र लिहिते.

दफन किंवा प्रार्थना चालू असताना कुत्रे आणायला बंदी असते. जागा विकत घेणाऱ्याला इथे कुत्रे फिरतात हे माहीत असतं, फाटकातून आत आल्या आल्या दिसतंच. सभासदाने आपल्या कुत्र्याचं उचललं नाही, कुत्रं कुणाच्या अंगावर गेलं, तर सभासदत्व जातं. आणि याबाबत सगळ्यांत कडक असतात ते दुसरे सभासदच. आपल्या वागण्याने सगळ्यांची सोय जाईल ही धास्ती प्रत्येकाला असते.

अप्पा, तुमचा मानाचा मुद्दा मी टाळत नाही. १९व्या शतकातल्या मृतांना कुणी विचारलं नाही हे खरंच आहे. पण त्यांच्या दगडांना तडे गेले, वर वेली चढल्या, तळघरं फुटली, तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुरुवातीला त्यांच्यासाठी पदरचे पैसे घातले ते या कुत्रेवाल्यांनीच. रोज त्याच वाटेने जाणाऱ्या बाईला कालपर्यंत उभा असलेला दगड आज कललाय हे लगेच दिसतं, आणि ती कार्यालयात जाऊन सांगते. वर्षातून एकदा येणाऱ्या अभ्यासकाला ते कसं कळणार?

आणखी एक. या फिरणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःसाठी तिथेच जागा घेऊन ठेवली आहे. आपण मेल्यावर इथून कुत्रे धावणार हे जाणून.

---

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनजवळ राहतो, म्हणून माउंट ऑबर्नबद्दल लिहितो. तिथे अप्पांना पटेल असा नमुना आहे.

१८३१ मध्ये केंब्रिजच्या हद्दीवर ही दफनभूमी झाली. त्याआधी शहरात चर्चच्या आवारात एकावर एक पुरत. जागा संपली होती आणि रोगराईची भीती होती. डॉक्टर जेकब बिगेलो यांनी आग्रह धरला की दफन गावाबाहेर, झाडांत, टेकड्या-तळ्यांत व्हावं. मॅसॅच्युसेट्सची बागायत संस्था त्यात सामील झाली. त्या काळी या देशात सार्वजनिक बागा म्हणाव्या अशा जवळजवळ नव्हत्याच, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क बरंच नंतरचं. त्यामुळे लोक रविवारी गाडी जोडून, डबे घेऊन दफनभूमीत फिरायला जायचे. १८३८ मध्ये ब्रुकलिनला ग्रीन-वुड झाली, तिथेही तेच. म्हणजे मृतांच्या शेजारी बसून खाणंपिणं ही आजच्या पोरांची टूम नाही, इथल्या सार्वजनिक बागांचा उगमच त्यात आहे.

माउंट ऑबर्नमध्ये मात्र कुत्र्यांना बंदी, पळायलाही बंदी. तरी वर्दळ असते. मे महिन्यात स्थलांतर करणारे छोटे वॉर्बलर तिथे उतरतात आणि पहाटेपासून दुर्बिणी घेतलेली माणसं झाडांखाली उभी असतात, कुणी मोठ्याने बोलत नाही. माझी मुलगी पक्षी ओळखायला तिथेच शिकली, आणि जाता येता दगडांवरची सालं वाचून वजाबाकी करायलाही.

अर्थात माउंट ऑबर्नकडे ठेवींचा पैसा आहे, नाव आहे, जागा मोठी आहे. काँग्रेशनलकडे १९९७ मध्ये यातलं काही नव्हतं. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने दारात आलेल्या माणसाचा हात धरला, हे मला समजतं.

---

वसईचा_वारा

आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात मराठी, प्रार्थना मराठीत. दफनभूमी चर्चला लागून, शाळेच्या वाटेवर. त्यामुळे भीती हा प्रकार लहानपणापासून नाही. आजोबांच्या कबरीवर शाळेतून येताना हात लावून जायचो.

२ नोव्हेंबर हा आमचा मृतांचा दिवस. आठवडाभर आधीपासून घरोघरची माणसं खुरपी, झाडू, चुन्याचे डबे घेऊन येतात. तण काढायचं, कबर धुवायची, क्रूस रंगवायचा. त्या दिवशी संध्याकाळी झेंडू-शेवंतीची रास आणि मेणबत्त्या. ज्या कबरीकडे कुणी आलं नाही तिथे शेजारचे आपल्यातली एक मेणबत्ती लावतात. मुंबईला, नाशिकला गेलेली भावंडं त्या दिवशी भेटतात. किती तरी घरांतली भांडणं त्या वाटेवर मिटलेली मी पाहिली आहेत, कारण आईच्या कबरीपाशी उभं राहून एकमेकांकडे पाठ फिरवता येत नाही.

पण आमच्याकडे जागेची अडचण फार. कायमची कबर सगळ्यांना परवडत नाही. बाकीच्या काही वर्षांनी उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला पुरतात. ओवी, तुमच्याकडे २०० वर्षांचे दगड जागच्या जागी आहेत याचं मला नवल वाटतं. आमच्याकडे वारसा दगडात राहत नाही, तो त्या दिवशीच्या गर्दीत राहतो.

---

शिवडीकर

वसईचा_वारा यांनी लिहिलंय ते वाचून आमच्या शिवडीबद्दल लिहायला बसलो.

शिवडी म्हटलं की लोकांना फ्लेमिंगो आठवतात. तिथली ख्रिस्ती दफनभूमी मुंबईतल्या मोठ्या आणि जुन्या दफनभूमींपैकी. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त असताना तिची सुरुवात झाली. मंडईमुळे त्यांचं नाव आपल्याला माहीत आहेच. आधी तिथे कृषी-उद्यान संस्थेची बाग होती. बोरीबंदरचं स्टेशन ज्याने बांधलं तो एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० मध्ये वारला, तो इथेच आहे. रोज लाखो माणसं त्याच्या इमारतीतून जातात, त्याच्या कबरीकडे जाणारा विरळा.

आणि इथेच काका बॅप्टिस्टा आहेत. जोसेफ बॅप्टिस्टा, जन्म १८६४, माझगावच्या माथारपाखाडीतले. लोकमान्यांचे निकटचे सहकारी, बॅरिस्टर. १९१६ मध्ये बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष टिळक नव्हते, बॅप्टिस्टा होते. न. चिं. केळकर चिटणीस. गिरणी कामगार आणि पोस्टमन यांच्यासाठी ते झटले, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले, १९३० मध्ये गेले. भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे, पण बागेत फिरणाऱ्यांना विचारलं तर हे कोण ते सांगता येत नाही.

आमच्या चाळीतली मुलं त्या भिंतीला लागून क्रिकेट खेळत मोठी झाली. चेंडू आत गेला तर आणायला जायचं, तेवढाच संबंध. आत टिळकांचा उजवा हात झोपलाय हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. कुत्रे सोडा असं मी म्हणणार नाही, तिथे रोज अंत्यविधी असतात, लोक रडत येतात. पण शनिवारी सकाळी वस्तीतल्या शाळांना कुणी घेऊन जाऊन दाखवलं तर काय हरकत आहे?

---

मुळामुठा

शिवडीकर, छान लिहिलंत.

पुण्यातली खडकीची युद्ध दफनभूमी पाहिली असेल बऱ्याच जणांनी. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी, कॉमनवेल्थच्या युद्धकबर आयोगाची देखभाल. एक तण दिसणार नाही, सगळे दगड एका रेषेत. माझं ऑफिस जवळ होतं तेव्हा मी दुपारी जायचो. बहुतेक वेळा माळी आणि मी, एवढेच. ओवी म्हणते ते तिथे लागू होत नाही, कारण पैशाची सोय कायमची आहे. वस्ती नसली तरी जागा टिकते. पण ती वस्तीची होत नाही हेही खरं.

---

अनुजा_र

मला सगळ्यांपेक्षा वेगळी गोष्ट सांगायची आहे. माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे. आईबाबांना सांगितल्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. तो वॉशिंग्टनला माझ्याकडे राहायला आला होता तेव्हा आम्ही या सिमेटरीत गेलो होतो, लेनर्ड मॅटलोविच यांच्या कबरीपाशी.

हे हवाई दलातले सार्जंट, व्हिएतनाममध्ये लढलेले. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी उघड सांगितलं आणि त्यांना सेवेतून काढलं. १९८८ मध्ये गेले. दगडावर नाव नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली ओळ आहे : सैन्यात असताना दोन पुरुषांना मारल्याबद्दल मला पदक मिळालं आणि एकावर प्रेम केल्याबद्दल बडतर्फी. त्या कबरीच्या आजूबाजूला आता इतर समलिंगी माणसांनी आपल्या जागा घेतल्या आहेत. जोडीदारांची दोन्ही नावं एकाच दगडावर.

भाऊ त्या नावांपुढे बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, मेल्यावर तरी एकत्र राहायची सोय कुणीतरी केली. शेजारून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, तिने त्याला "गुड मॉर्निंग" म्हटलं. तो हसला. त्या दौऱ्यात तो पहिल्यांदा हसला होता. अप्पा, तुमच्या मताचा आदर आहे, पण ती जागा तेव्हा अगदी शांत, रिकामी असती तर मला त्याला तिथून सावरून घरी आणणं जड गेलं असतं.

---

रानपाखरू

अनुजा, भावाला माझ्याकडून प्रेम सांग.

---

पोटोमॅक_काका

मी ३० वर्षांहून जास्त काळ या परिसरात आहे, म्हणून एक बाजू मांडतो. कॅपिटल हिल आणि आसपास घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. जुनी कृष्णवर्णीय कुटुंबं बाहेर पडली. अशा वेळी वर्षाला शेकडो डॉलर भरून कुत्रा फिरवणारे कोण, हे पाहायला हवं. जागा वाचली, पण कुणासाठी वाचली? फक्त सधन नवागतांचं आवार होऊ नये एवढंच.

---

ओवी_डीसी

काका, रास्त मुद्दा आहे. फी कुत्र्यांसाठी आहे. पायी फिरायला दिवसभर कुणालाही फाटक उघडं असतं, एक पैसा लागत नाही. उन्हाळ्यात शनिवारी स्वयंसेवक मोफत फिरवूनही दाखवतात. पण फुकट असणं आणि आपलं वाटणं यांत अंतर असतं, ते मान्य.

त्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. शहराचे चार वेळा महापौर राहिलेले मॅरियन बॅरी यांना २०१४ मध्ये इथे पुरलं. त्याच वर्षी अ‍ॅलन लॉक यांच्या अस्थी इथे आल्या. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय साहित्य-कलेच्या चळवळीचे विचारवंत, हॉवर्ड विद्यापीठातले प्राध्यापक, र्‍होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. १९५४ मध्ये वारले, आणि अस्थींना स्वतःची जागा मिळायला ६० वर्षं लागली. आज बॅरींच्या समाधीपाशी थांबणारी माणसं कुत्रेवाल्यांपेक्षा वेगळी असतात. नदीपलीकडून येतात, फुलं ठेवतात, त्यांनी उन्हाळी नोकरी मिळवून दिली होती ते सांगतात. त्यांच्याशी बोललं पाहिजे. मी बोलते.

---

स्मिता_क

माझी आई इथे आली होती तेव्हा तिला मी त्या वाटेने नेलं तर ती फाटकाशीच थांबली. "स्मशानात बायका जात नाहीत, आणि गेलंच तर घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करावी लागते." मी जोर केला नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. आतून एक आजी छोट्या नातवाला घेऊन बाहेर आल्या, आईशी खाणाखुणांनी बोलल्या. आजींच्या नवऱ्याची कबर आत होती, नातू त्यांना दर आठवड्याला घेऊन येतो म्हणे, की त्या नातवाला.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, चल. आत गेली, चपला काढून उभी राहिली, नमस्कार केला. घरी येऊन आंघोळही केली. दोन्ही तिचंच.

आपल्याकडे माणूस गेला की राख पाण्यात जाते, जागा उरत नाही. बाबांसाठी कुठे जायचं असं मला कधी कधी वाटतं. म्हणून मी तिथे चालत राहते.

---

अप्पा_सातारकर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. अनुजा आणि स्मिता यांचे वाचताना तर माझे डोळे भरून आले.

शर्यत आणि योगासनं यांबाबत माझं मत आहे तेच आहे. दफनभूमीत पळू नये. पण रोज येणाऱ्याला पडलेला दगड दिसतो हे ओवीचं म्हणणं मनात राहिलं. आमच्या त्या गडग्याच्या आत आता बाभळी वाढल्या आहेत, काही समाध्या मुळांनी उकलल्या. गुरं शिरत नाहीत, माणसंही शिरत नाहीत. पुढच्या महिन्यात गावी जातोय, चार जणांना बरोबर घेऊन साफसफाई करायचा विचार आहे. ओवी, तू दगड धुण्याचं काम केलंयस का? जुन्या दगडाला काय चालतं, काय नाही, लिही. आणि त्या शेळ्या थडग्यांवर चढल्या नाहीत का?

---

ओवी_डीसी

अप्पा, किती छान. शेळ्या आतल्या भागात सोडल्याच नव्हत्या. कडेच्या झाडीला विजेचं कुंपण घालून त्यातच ठेवल्या. वेलींनी झाडं मरतात आणि मेलेलं झाड पडलं की थडगी फुटतात, म्हणून तो खटाटोप होता.

दगडाचं सांगते. मी श्रमदानात हेच काम करते, शिकवलंय तसं लिहिते.

आधी दगड पक्का आहे का पाहा. हाताने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, पापुद्रे सुटत असले, तर त्याला हात लावू नका. आमच्या त्या वालुकाश्माच्या शिळांचे असेच पापुद्रे निघतात, त्या जाणकारांसाठीच सोडतो. पक्का असेल तर साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. मऊ ब्रश घ्या, नायलॉनचा किंवा काथ्याचा. तारेचा ब्रश अजिबात नको, अक्षरं जातात. घासायला खालून सुरुवात करून वर जायचं. वरून सुरू केलं तर मळाचे ओघळ खालच्या कोरड्या दगडावर उतरतात आणि त्यांचे डाग राहतात. ब्लीच, अ‍ॅसिड, धुण्याचा सोडा यांतलं काहीही नको. त्याचे क्षार दगडात मुरतात आणि पुढे दगड आतून फुटतो. शेवाळावर आम्ही डी-टू नावाचं द्रावण फवारतो. तिकडे मिळालं नाही तर नुसतं पाणी आणि सबुरी. लाकडी चपट्या काडीने दगडफूल हळूच सुटतं. एका दिवसात पांढरं करायचा हट्ट धरू नका.

उकललेल्या समाध्यांत सिमेंट भरू नका, ते दगडापेक्षा कडक असतं, दगडच तुटतो. चुन्याचा गिलावा वापरा. गावात जुना गवंडी असेल तर त्याला माहीत असेल. बाभूळ मुळासकट ओढू नका, समाधी उचकटेल. जमिनीलगत कापा आणि फुटवा आला की पुन्हा कापा.

आणि काही करायच्या आधी त्या घरांना विचारा. कामाच्या आधी आणि नंतर फोटो काढा, कोरलेलं सगळं वहीत उतरवून घ्या.

---

शिवडीकर

ओवी, हे उतरवून घेतलं. काका बॅप्टिस्टांची जयंती १७ मार्चला असते. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात आज विषय काढला, त्या दिवशी आठवीच्या मुलांना घेऊन जायचं असं ठरतंय. दफनभूमीच्या कार्यालयात परवानगीसाठी सोमवारी जातोय. माथारपाखाडीत कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाने मुलांशी बोलावं अशी इच्छा आहे.

---

वसईचा_वारा

माथारपाखाडीत माझ्या आत्याचं सासर आहे. व्यनि केलाय.